पायांना कळत नाही, आणि आईला नवरात्रात अनवाणी चालायचंय

मृद्गंध | १२ सप्टेंबर, रात्री ९:४०

घटस्थापना दहा दिवसांवर आली आहे, म्हणून घाईने धागा काढतेय.

आई ६४ वर्षांची, बार्शीला असते. मधुमेह पंधरा-सोळा वर्षांपासून. लग्न झाल्यापासून नवरात्राचे नऊही दिवस ती पायात काही घालत नाही. पहाटे देऊळ, संध्याकाळी आरती, घरात घट, आणि मधे एक दिवस तुळजापूर. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावून तळपायाला एक नायलॉनचा दोरा टेकवला आणि विचारत गेले, "आता कळतंय? आता?" अंगठ्यांखाली आणि टाचेला दोरा टेकून वाकला तरी आई गप्प. दोन्ही पायांचं तेच.

डॉक्टर म्हणाले, घरातसुद्धा चप्पल घालायची. आई म्हणते, "देवीच्या दारात जाणाऱ्याला काही होत नाही, आणि माझे पाय तर दुखतच नाहीत." तिच्या पहिल्या वाक्यापुढे मी हात जोडते. दुसऱ्या वाक्याने मात्र झोप उडाली आहे.

तिचं मन न मोडता हे कसं सांगावं? आणि पाय बधिर झालेल्या माणसाचं नेमकं काय काय होऊ शकतं? ज्यांनी घरात पाहिलंय त्यांनी लिहा. फोटो टाकू नका, धागा मी तिलाही वाचून दाखवणार आहे.

---

कडूनिंब | १२ सप्टेंबर, रात्री ९:५८

तुळजापूरची फरशी दुपारी बारानंतर धडधाकट माणसालाही नाचायला लावते. बधिर पायाचा माणूस त्याच फरशीवर शांतपणे रांगेत उभा राहील. पहिला धोका हाच. भाजल्याचं घरी येऊन फोड दिसल्यावर कळतं.

---

एसटीचा_लाल_डबा | १२ सप्टेंबर, रात्री १०:२१

माझे वडील एसटीत चालक होते. जुन्या गाड्यांना इंजिन पुढे, चालकाच्या डाव्या अंगाला. उन्हाळ्यात त्या बॉनेटची धग पायाला लागते. एकदा मुक्कामी गाडी लावून बूट काढले तर मोजा पायाला चिकटलेला. करंगळीच्या बाजूला मोठा फोड, फुटलेला. त्यांना दिवसभर काहीही जाणवलं नव्हतं.

पुढे जे झालं ते सांगतो, कारण तुमच्या आईंचं वाक्य हुबेहूब त्यांचं आहे. "दुखत नाही, म्हणजे भरत आलंय." हळद लावली, मलम लावलं, ड्युटी चालू. पंधरवड्यात वास यायला लागला, ताप आला, साखर चारशेवर. करंगळी काढली. महिन्याने शेजारची दोन बोटं. मग अर्धं पाऊल. आता ते खास बुटात चालतात, नातवाला शाळेत सोडतात, मजेत आहेत. पण सुरुवात एका फोडापासून झाली होती, आणि त्या पहिल्या दिवशी तो नुसता स्वच्छ धुऊन, झाकून, त्या पायावर भार न देता डॉक्टरकडे गेला असता तर पाऊल शाबूत राहिलं असतं, असं सर्जननी आम्हाला स्पष्ट सांगितलं.

काकूंना वाचून दाखवाच.

---

भीमाकाठ | १२ सप्टेंबर, रात्री ११:०५

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये.

दर सणाला कुणीतरी आपल्या रीतींवर बोट ठेवतं. माझी आजी शुगर असताना शेवटपर्यंत अनवाणी नवरात्र करायची, ८१ व्या वर्षी गेली, दोन्ही पायांवर चालत गेली. शेकडो बायका चालतात. नेम मोडल्याची रुखरुख म्हाताऱ्या माणसाला आतून खाते, तीही तब्येतीला चांगली नाही. नऊ दिवस आहेत, नीट काळजी घेऊन करू द्या.

---

रानजाई | १३ सप्टेंबर, सकाळी ७:१२

@भीमाकाठ, तुमच्या आजींच्या पायाला कळत होतं का? सगळा फरक तिथे आहे. शुगर असणं वेगळं आणि पाय बधिर असणं वेगळं. मृद्गंधच्या आईंची तपासणी झालेली आहे, त्यांना कळत नाही हे सिद्ध झालंय.

---

स्टेथोस्कोप | १३ सप्टेंबर, दुपारी २:३०

ओपीडी संपवून लिहितोय, लांबेल. मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावी. तपासल्याशिवाय कुणाला इथे औषध सांगणार नाही, पण पायाबद्दल सविस्तर लिहितो, कारण साखरेचा आकडा पाठ असलेले आणि स्वतःचा तळपाय वर्षानुवर्षं न पाहिलेले पेशंट मी रोज बघतो.

रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसांना इजा होते. सर्वांत लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून बधिरपणा तिथून सुरू होऊन वर चढतो. कालव्याचं पाणी कमी पडलं की आधी शेवटच्या टोकाचं शेत सुकतं, तसंच. काहींना मुंग्या येतात, आग होते, रात्री पाय चादरीबाहेर काढावेसे वाटतात. पण जवळपास निम्म्या लोकांना कसलाही त्रास होत नाही. तपासलं तरच सापडतं.

मृद्गंध, तो दोरा म्हणजे मोनोफिलामेंट. १० ग्रॅम दाब पडला की वाकतो. तेवढा दाब ज्याला कळत नाही त्याच्या पायाचं संरक्षण गेलं असं आम्ही धरतो. खडा बुटात शिरला, खिळा टोचला, चप्पल चावली तरी तो माणूस लंगडत नाही. तुम्हीआम्ही लंगडतो म्हणून आपली जखम भरते. तो त्याच जखमेवर दिवसभर चालतो.

नसांचं नुकसान एवढ्यावर थांबत नाही. पावलातले बारीक स्नायू दुबळे होतात, बोटं वाकडी होतात आणि चवड्याच्या हाडांवर नको तितका भार येतो. तिथे कातडी जाड होते, कुरूप धरतं आणि त्याच्याखाली आत जखम तयार होत असते. घामही बंद होतो. कातडी कोरडी, टाचांना भेगा, भेगेतून जंतू आत.

यात रक्तपुरवठा कमी असेल, विशेषतः तंबाखू, बिडी, मिसरी असेल, तर जखमेपर्यंत रक्त आणि औषध दोन्ही पोचत नाहीत. गँगरीन होतं ते अशाने. मधुमेहामुळे पाय कापावा लागणाऱ्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांच्या बाबतीत आधी एक साधी जखम झालेली असते. म्हणजे मधे वेळ मिळतो. ती जखम दुखत नाही म्हणून तो वेळ वाया जातो, आणि मला याचंच सर्वांत जास्त वाईट वाटतं.

@भीमाकाठ, श्रद्धेला माझा विरोध नाही. माझ्या घरी घट बसतात. पण "काळजी घेऊन अनवाणी" हे बधिर पायाला जमत नाही, कारण काळजी घ्यायला आधी कळावं लागतं.

---

चिंचपेटी | १३ सप्टेंबर, दुपारी ३:०२

डॉक्टर, वाचनखूण साठवली. सासूबाईंना पाठवलं. त्यांचा फोन आला, "तुझ्या डॉक्टरला विचार, कुरूप मी ब्लेडने काढते ते चालतं का?"

---

स्टेथोस्कोप | १३ सप्टेंबर, दुपारी ३:१०

नाही नाही नाही. ब्लेड नाही, आणि दुकानात मिळणारी कुरपाची पट्टीही नाही. त्या पट्टीत आम्ल असतं, कुरपाबरोबर चांगली कातडीही जाळतं. गरम पाण्यात पाय बुडवून शेकणं, गरम पिशवी, हेही बंद. अंघोळीच्या पाण्याचा अंदाज पायाने घेऊ नये, कोपराने घ्यावा किंवा घरातल्या दुसऱ्याला बघायला सांगावं.

---

उसाचा_मळा | १३ सप्टेंबर, रात्री ८:४५

माझं नाव वाचून इथे कुणी दचकू नका, शुगर मलाच आहे आणि ऊसही माझाच आहे.

शेतकऱ्यांसाठी लिहितो. ऊस तुटून गेल्यावर रानात धसकटं राहतात, ती चपलेच्या कडेने घुसतात. बाभळीचा काटा रबरी चप्पल आरपार जातो. माझ्या चुलत्याच्या चपलेत काटा घुसून तसाच राहिला होता, आठवडाभर तो रोज त्याच जागी टोचत होता आणि चुलते तीच चप्पल घालून पाणी धरत होते. पाय सुजला तेव्हा चप्पल उलटी करून बघितली.

तेव्हापासून आमच्या घरात पायताण घालण्याआधी आत हात फिरवायचा आणि उलटं करून आपटायचं. लहान पोरंसुद्धा करतात. आणि रात्री रानात वस्तीवर झोपायचं तर पाय झाकून. उंदीर बधिर पाय कुरतडतो. ऐकायला खोटं वाटेल, पण आमच्या शिवारात झालंय, माणूस सकाळी उठला तर बोटाला रक्त.

---

पाऊलवाट | १३ सप्टेंबर, रात्री १०:१७

@उसाचा_मळा, अजिबात खोटं नाही. या उंदरांचा इतिहास सांगायलाच हवा, थोडं अवांतर होईल.

मी बरीच वर्षं कुष्ठरोग्यांच्या पादत्राणांच्या कामात होतो. १९४६ साली डॉ. पॉल ब्रँड नावाचे सर्जन तमिळनाडूत वेल्लोरला आले. तोवर सर्वत्र समज असा, की कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात, मांसच खराब असतं. ब्रँड यांनी दाखवून दिलं की मांस चांगलं असतं, जखमही भरते, पण नसा मेल्यामुळे माणसाला इजा कळत नाही आणि रोजच्या लहान लहान इजांनी हातपाय झिजतात. काहींची बोटं रात्रीत कमी व्हायची. पहारा ठेवला तर उंदीर कुरतडताना सापडले. मग रुग्णांना घरी जाताना मांजर द्यायची पद्धत पडली.

ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेत, लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे त्यांच्या लक्षात आलं की मधुमेह्यांच्या पायांना अगदी याच जागी, अशाच जखमा होतात. मधुमेही पायाच्या उपचारात आज जे प्लास्टर, जे मऊ तळवे वापरतात, त्यातलं बरंच ज्ञान आपल्याकडच्या कुष्ठरोग्यांच्या पायांवरून मिळालेलं आहे. एमसीआर चप्पल, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची, तीही त्याच कामातून आली.

आणि इथेच एक अडचण होते, ती मृद्गंधना आधीच सांगून ठेवतो. बऱ्याच बायका ही चप्पल नाकारतात, कारण गावात ती चप्पल म्हणजे "तो रोग" असं समीकरण आहे. हा कलंक त्या रुग्णांनीही सोसला आणि आता मधुमेही सोसतात. मला याची फार चीड येते. हल्ली याच रबराचा तळवा घालून चारचौघींसारख्या दिसणाऱ्या चपला मिळतात. मागे पट्टा असलेली घ्या, अंगठ्याची नको. बधिर पायातून अंगठ्याची चप्पल निसटते आणि कळत नाही.

---

गोंयकार_०७ | १३ सप्टेंबर, रात्री ११:३०

म्हणजे मांजर हे वैद्यकीय उपकरण आहे. आमच्या घरात चार आहेत, बायकोला हा प्रतिसाद आत्ताच दाखवला.

चेष्टा सोडा, आमच्याकडे कालवं आणि शिंपल्या. मावशी ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला जायची, पाय कापला, खारं पाणी लागून बरं होईल म्हणाली. झालं नाही. ती आता रबरी बूट घालूनच पाण्यात उतरते.

---

रानजाई | १४ सप्टेंबर, सकाळी ९:०५

मला एका वेगळ्या गोष्टीबद्दल लिहायचंय, कारण आमच्याकडे ती कुणाच्याच लक्षात आली नव्हती आणि अजून कितीतरी घरांत येत नसेल.

मिस्टरांचा पाय अचानक सुजला. लाल, गरम. जखम कुठेच नाही. दुखणं अगदी किरकोळ. एकाने मुरगळलाय म्हणून सांगितलं, दुसऱ्याने युरिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या, तिसऱ्याने संसर्ग म्हणून अँटिबायोटिक. एक्स-रे ठीक. "चालत राहा, सूज उतरेल." ते चालत राहिले. दोन महिन्यांत पावलाची कमान बसली, तळवा खालून फुगीर झाला, होडीच्या बुडासारखा म्हणतात तसा. मग मोठ्या शहरात एका पायाच्या तज्ज्ञांनी पाहिल्या पाहिल्या सांगितलं, शार्को फूट.

बधिर पायातली हाडं आतल्या आत मोडत असतात आणि माणूस त्यावर चालत असतो. सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो. उपचार एकच, पाय प्लास्टरमध्ये आणि त्यावर भार बंद, कित्येक महिने. लवकर केलं तर पावलाचा आकार वाचतो.

बधिर पाय, गरम, सुजलेला, जखम नाही. एवढं सगळ्यांनी लक्षात ठेवा आणि शार्को असू शकतो का हे स्वतः तोंडाने विचारा.

---

स्टेथोस्कोप | १४ सप्टेंबर, दुपारी २:५०

रानजाई, मनापासून आभार. हे लिहायचं राहून गेलं असतं. हात लावून दोन्ही पाय ताडून बघावेत. एका पायाची एकच जागा दुसऱ्यापेक्षा दोन अंश सेल्सिअसहून जास्त गरम असेल तर चालणं थांबवून दाखवायला यावं. कोविडच्या काळात घरोघरी घेतलेल्या कपाळावर धरायच्या बंदुकीसारख्या थर्मामीटरने पायांचा नेमका आकडा मिळेलच असं नाही, पण डाव्याउजव्यातला फरक बघायला घरच्या घरी मदत होते.

---

लंडनकर | १४ सप्टेंबर, संध्याकाळी ५:२०

इथे मधुमेहाची नोंद झाली की वर्षातून एकदा पाय तपासायला बोलावतात, एनएचएसकडून म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून, मोफत. बूट-मोजे काढायलाच लावतात. डोळ्यांच्या पडद्याचे फोटोही ठरावीक काळाने. गेलो नाही तर पत्र येतं.

भारतात बाबांबरोबर डॉक्टरकडे गेलो तेव्हा कुणी पाय बघितला नाही, पण गर्दीत डॉक्टरला दोष कसा द्यायचा? आता बाबा केबिनमध्ये शिरण्याआधीच बाहेर चप्पल आणि मोजे काढून आत जातात. उघडे पाय समोर दिसले की डॉक्टर बघतोच.

---

कडूनिंब | १४ सप्टेंबर, संध्याकाळी ५:४१

हे फार उपयोगी आहे. +१

---

चिंचपेटी | १५ सप्टेंबर, सकाळी १०:१५

पायांवरून थोडं पोटाकडे येऊ का? नवरात्र म्हणजे नुसतं अनवाणी नाही, उपासही. सासूबाई नऊ दिवस एकवेळ खातात, आणि त्या एकावेळी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस. गोळ्या मात्र "उपासाला कशाला" म्हणून अर्ध्या घेतात, कधी पूर्ण घेतात. हे कितपत धोक्याचं?

---

उसाचा_मळा | १५ सप्टेंबर, सकाळी १०:३०

एकादशी दुप्पट खाशी आमच्याकडे पहिल्यापासून आहे. उपासाला आमची ही जेवढी शेंगदाणे भाजते तेवढे सुगीलाही भाजत नाही.

---

स्टेथोस्कोप | १५ सप्टेंबर, दुपारी ३:०५

चिंचपेटी, प्रश्न गंभीर आहे. नवरात्रात आमच्याकडे दोन्ही टोकांचे पेशंट येतात.

गोळीत ग्लिमेपिराइडसारखं औषध असेल, आणि आपल्याकडे मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत ते अगदी सर्रास असतं, तर न खाता गोळी घेतल्यावर साखर एकदम घसरते. घाम, थरथर, बडबड, मग बेशुद्धी. वय झालेल्यांना घाम-थरथर न होता थेट गोंधळल्यासारखं होतं आणि घरच्यांना वाटतं उपासाने थकली. साखर ७० च्या खाली दिसली की उपास बाजूला ठेवायचा. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतू नये, थेट दवाखाना.

दुसरं, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या. हृदय आणि किडनीसाठी उत्तम औषधं आहेत, मी स्वतः लिहून देतो. पण यांच्यावर असताना खाणं-पिणं फार कमी झालं तर रक्तात आम्ल साठू शकतं, आणि मशीनवर साखर त्या मानाने ठीक दिसते. त्यामुळे फसायला होतं. उलट्या, पोटदुखी, धाप लागणं असेल तर आकडा बघून स्वस्थ बसू नका.

इन्शुलिन स्वतःच्या मनाने कधीही बंद करायचं नाही. टाइप १ च्या, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्शुलिन जवळजवळ बनतच नाही अशा मुलांना तर एक दिवसही नाही.

उपास करायचाच असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरला सांगा, गोळ्यांचं वेळापत्रक बदलून मिळतं. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. भगर थोडी, राजगिरा, ताक, दही, शेंगदाणे, काकडी असं वाटून दोन-तीनदा खाल्लेलं बरं.

---

अंजली_प | १५ सप्टेंबर, रात्री ९:२२

आई डायलिसिसवर आहे, आठवड्यातून तीनदा. धागा पायांचा आहे हे कळतंय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

किडनीचंही असंच आहे. काही दुखत नाही. आईचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून टाकते तो रक्तातला कचरा, वर्षानुवर्षं "नॉर्मल" होतं. क्रिएटिनिन उशिरा वाढतं. त्याच्या कितीतरी आधी लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन जायला लागतं आणि ती तपासणी साध्या लघवीच्या नमुन्यावर होते, अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर म्हणून. ३० च्या आत असावं. तेव्हा कळलं तर रक्तदाब आटोक्यात ठेवून, योग्य गोळ्या देऊन किडनी बरीच वर्षं टिकवता येते. आणि गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या. कृपा करून आपल्या आयांच्या डब्यातून त्या आजच काढा.

---

पाटपाणी | १५ सप्टेंबर, रात्री १०:४८

अंजली, तुमच्या आईंना खूप शुभेच्छा. डोळ्यांचंही असंच. माझ्या काकांना पेपर स्वच्छ वाचता येत होता, एक दिवस डोळ्यासमोर काळे धागे तरंगले आणि संध्याकाळपर्यंत त्या डोळ्याने अंधार. पडद्यावरच्या नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटून आत रक्त झालं होतं. लेझर आणि इंजेक्शनांनी दुसरा डोळा वाचला. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे डोळे तपासणं नव्हे. थेंब घालून बाहुली मोठी करून पडदा बघायला सांगा, टाइप २ असेल तर निदान झालं त्याच वर्षी.

---

भीमाकाठ | १६ सप्टेंबर, सकाळी ८:३०

सगळं वाचलं. डॉक्टर, एक विचारतो. इतकं सगळं होणारच असेल तर माणसाने साखर सांभाळून उपयोग काय? वाचून धीर खचतो. आणि नेमाबद्दल माझं मन अजून तयार नाही. आमच्याकडे पंढरीची वारी चालत आली आहे, पायांनी देवाकडे जाण्यात काहीतरी आहेच.

---

माऊलींचा_टाळ | १६ सप्टेंबर, सकाळी ११:००

भीमाकाठ, राम कृष्ण हरी. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, मी चालतो. आमच्या दिंडीत बहुतेकांच्या पायात बूट किंवा चप्पल असते. विणेकरी, काही नेमाचे लोक अनवाणी असतात, पण बूट घातला म्हणून कुणाची वारी मोडली असं आमच्या फडावर कुणी म्हणत नाही. मुक्कामाला तरुण पोरं म्हाताऱ्यांचे पाय धुतात, चेपतात. गेली काही वर्षं आम्ही तेव्हाच बॅटरी मारून प्रत्येकाचा तळवा बघतो. फोड दिसला की त्या माणसाला दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये बसवतो. रुसतात, पण बसतात.

---

स्टेथोस्कोप | १६ सप्टेंबर, दुपारी ३:२०

माऊली, हे वाचून फार बरं वाटलं.

भीमाकाठ, होणारच असं मुळीच नाही, उलटं आहे. १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या फार मोठ्या आणि दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष आले. टाइप २ च्या रुग्णांत साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा (एचबीए१सी) ७.९ ऐवजी ७ च्या आसपास ठेवला तर डोळे, किडनी यांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती २५ टक्क्यांनी कमी झाल्या. एका टक्क्याहून कमी फरकावर एवढं. रक्तदाब सांभाळल्याचा फायदाही त्याच अभ्यासात ठळक दिसला. ज्यांच्या नसा आधीच बधिर आहेत त्यांची संवेदना सहसा परत येत नाही, पण पाय वाचवणं बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं. फार वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी१२ जीवनसत्त्व जरूर तपासावं, त्या कमतरतेनेही पाय बधिर होतात आणि ती भरून काढता येते. मृद्गंध, आईंचं तपासलंय का?

---

मृद्गंध | १७ सप्टेंबर, रात्री १०:१०

सगळ्यांचे खूप आभार. डॉक्टर, बी१२ ची चाचणी उद्याच करून घेते.

काल बार्शीला आले आणि धागा आईला वाचून दाखवला. एसटीच्या बाबांचं ऐकताना तिने पाय साडीत ओढून घेतले. रानजाईंचं दोनदा वाचायला लावलं. उंदरांचं ऐकून शेजारच्या काकूंना हाक मारून सांगून आली.

मन वळलं ते मात्र माऊलींच्या प्रतिसादाने. "फोड दिसला की ट्रकमध्ये बसवतात?" असं विचारून बराच वेळ काही बोलली नाही. मग स्वतःच म्हणाली, देवळाच्या गुरुजींना विचारू. आज गेलो. गुरुजी म्हणाले, "देवीला तुमचे पाय धड हवेत, पुढच्या वर्षीही यायचंय ना?" त्यांनीच सांगितलं की पायरीपर्यंत चप्पल घाला, आत कापडी मोजे चालतील, आणि पहाटेच या, तेव्हा फरशी गार असते. तुळजापूरलाही पहाटेचंच दर्शन ठरवलंय. घरात वेगळी स्वच्छ चप्पल, घटाच्या खोलीत मोजे. नेम म्हणून तिने दुसरं काही धरलंय, ते सांगत नाही, नेम सांगायचा नसतो म्हणे.

रोज रात्री तळपाय बघायचे ठरलंय. तिला वाकता येत नाही, म्हणून जमिनीवर आरसा ठेवून त्यावर पाय धरते, आणि भाऊ घरी असेल तेव्हा तो बघतो.

---

भीमाकाठ | १७ सप्टेंबर, रात्री १०:४०

गुरुजींना माझा नमस्कार सांगा. आईलाही. माझ्या आईला शुगर आहे, तिचे पाय मी कधी तपासून घेतलेले नाहीत. सोमवारी घेऊन जातो. तो दोरा तालुक्याच्या दवाखान्यात असतो का?

---

स्टेथोस्कोप | १८ सप्टेंबर, सकाळी ७:५०

असायला हवा, पण सगळीकडे असतोच असं नाही. नसला तर घरी करण्यासारखी एक सोपी पद्धत आहे. आईंना डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला आपल्या बोटाच्या टोकाने अगदी हलका स्पर्श करा, एक-दोन सेकंद, दाबायचं नाही, गुदगुल्या नाहीत. कुठला पाय ते त्यांनी सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर तपासणी लांबवू नका.

---

चिंचपेटी | १८ सप्टेंबर, सकाळी ९:१५

सासूबाईंचं आत्ता केलं. सहाही ठिकाणी बरोबर, वर "हात गार आहेत तुझे" हेही कळलं! साबुदाणा तीन दिवसांवर आणलाय, नऊवरून. बाकीच्या दिवशी राजगिरा. वाटाघाटी चालू.

---

मृद्गंध | १८ सप्टेंबर, दुपारी १:३०

पाऊलवाट, चप्पल घ्यायला सोलापूरला जातोय. काय बघून घ्यायची? आईचा उजवा अंगठा थोडा वर उचललेला आहे.

---

पाऊलवाट | १८ सप्टेंबर, दुपारी २:१२

संध्याकाळी जा, दिवसअखेर पाय थोडा फुगतो, तेव्हाचं माप खरं. दोन्ही पायांचं वेगळं माप घ्या, आणि उभं राहून घ्या. कागदावर पावलाची रेघ मारून ती कापून नेलीत तर चपलेच्या आत ठेवून बघता येते, कागद कडेला दुमडता कामा नये. बधिर पायाला घट्ट चप्पल "नीट बसली" असं वाटतं, म्हणून आईंच्या सांगण्यावर माप ठरवू नका. आतला तळवा मऊ, बाहेरचा कडक, काटा-खिळा शिरणार नाही असा. मागे पट्टा, पट्ट्याला आतून अस्तर, खिळे किंवा टोकदार बक्कल नको. उचललेल्या अंगठ्यावर पट्टा घासत नाही ना, ते बोट घालून बघा.

नवी चप्पल पहिल्याच दिवशी देवळात घालून जाऊ नका. सुरुवातीला घरात तासभर, मग काढून कातडी लाल झाली का बघायचं, मग रोज थोडं वाढवायचं. आजच घेतलीत तर घटस्थापनेपर्यंत रुळेल.